नाव नसलेल्या छपरांपर्यंत

"ताई, याले नाव नाई."

रझियाचा एवढाच मेसेज आला होता. सोबत तिच्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो होता. उपग्रहाने टिपलेलं गर्द हिरवं जंगल, त्यात मूठभर छपरं, मधे थोडी मोकळी जागा आणि झाडीत शिरणारी एक बारीक पायवाट. गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याच्या पुढे कुठेतरी. मी नाशिकला शाळेत भूगोल शिकवते. तो फोटो मी स्टाफरूममध्ये बसून मोठा करून पाहिला आणि उत्तर पाठवलं, "मग जाऊन विचारून येऊ या का?"

बराच वेळ ती नुसतीच 'टाइप करत आहे' असं दिसत राहिलं. शेवटी आलं, "खरंच?"

आमची ओळख नकाशावरची. ज्यात कुणीही भर घालू शकतं असा एक खुला नकाशा इंटरनेटवर आहे. उपग्रहाचं चित्र समोर ठेवायचं आणि त्यावरून रस्ते, घरं, तळी, नाले रेखायचे. मला सुट्टीत हा नाद लागला. एकदा मी वैनगंगेकाठी एक लांबलचक रस्ता मोठ्या हौसेने काढला. दुसऱ्या दिवशी त्याखाली शेरा होता, "ताई, हा रस्ता नाई, कालवा आहे. गाडी टाकसान तर ओली होईन." लिहिणारी होती ब्रह्मपुरीची रझिया. तिथून जे बोलणं सुरू झालं ते थांबलंच नाही.

रझियाचं ब्रह्मपुरीच्या बाजारात लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर, हातात कुबडी. धाकटा भाऊ रफिक काळी-पिवळी जीप चालवतो. तो रोज ज्या गावांची नावं घेत घरी येतो ती आहेत तरी कुठे, हे पाहायला म्हणून तिने नकाशा उघडला, आणि त्यात पुष्कळ गावं नव्हतीच. मग दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीन बाजूला सारून ती नकाशा काढू लागली. धानोरा तालुक्यातले कित्येक टोले, म्हणजे गावाबाहेरच्या लहान वस्त्या, तिच्या हातचे आहेत. पण ती स्वतः गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यापलीकडे कधी गेली नव्हती.

धानकापणी उरकलेली, थंडी सुरू झालेली, शाळेला सुट्टी. मी गाडी काढली.

नाशिकहून समृद्धी महामार्गाने नागपूर, तिथे मावसबहिणीकडे मुक्काम, आणि सकाळी उमरेड, भिवापूर, नागभीडमार्गे ब्रह्मपुरी. रस्ता चांगला आहे. नागभीडच्या आसपास जंगल सुरू होतं तिथे वेग आवरा, जनावरं आडवी येतात. नागभीडला पोहे घ्या आणि वर तर्री मागा. "तिखट चालन ना?" असं विचारतील, तेव्हा खोटी ऐट करू नका. मी केली आणि पस्तावले.

दुकानासमोर गाडी उभी केली तर रझिया आधीच दारात उभी होती. इतकी वर्षं जिच्याशी रोज बोलत होते तिची उंची मला ठाऊक नव्हती. ती माझ्यापेक्षा चांगली उंच निघाली. तिनेही मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तुम्ही फोटोत म्हाताऱ्या दिसता, ताई."

जेवण तिच्या घरी झालं. तांदळाची भाकरी, झिंग्यांचा रस्सा, वर कच्चा कांदा. तिच्या अम्मी वाढता वाढता मला म्हणाल्या, "हे पोरगी मशीनवर कमी आन् त्या कॉम्प्युटरवर जास्त असते. तिथी काय पाहते, देव जाणे. आता म्हणते जंगलात जातो. पाय घसरला तर कोण उचलन?"

"मी उचलेन," मी म्हटलं.

अम्मींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांना ते पटलं नव्हतं. पण डब्यात रोट्या त्यांनीच बांधून दिल्या आणि निघताना कुबडीच्या खालचं झिजलेलं रबर बदललंय ना हे वाकून तपासलं.

ब्रह्मपुरीहून आरमोरी आणि तिथून गडचिरोली, हा रस्ता मोटारीला सरळ आहे. गडचिरोलीला बसस्थानकाजवळ हजाराच्या आत स्वच्छ खोली मिळते. पेट्रोलची टाकी इथेच भरा, थोडे रोख पैसे जवळ ठेवा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. धानोऱ्यानंतर नेटवर्क येतं आणि जातं. उपग्रहाकडून जागा समजायला नेटवर्क लागत नाही. नकाशा फोनमध्ये असेल तर आपला निळा ठिपका जंगलातही बरोबर सरकत राहतो. पुष्कळांना हे माहीत नसतं आणि रेंज गेली की ते गाडी वळवतात. वाटेत तपासणीला थांबवलं तर नाव, गाव, कामाचं कारण शांतपणे सांगा. आम्हाला एकदा थांबवलं. "कुठी चालल्या?" या प्रश्नावर रझिया म्हणाली, "त्याचंच नाव विचाराले चाललो, साहेब." जवान हसला आणि दिवस मावळायच्या आत परत फिरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी धानोऱ्याच्या पुढे गेल्यावर रझियाचं गप्पांतलं लक्ष उडालं. एक डोळा फोनवर, एक खिडकीबाहेर. "आता उजवीकडे तळं येईन," ती पुटपुटायची, आणि तळं यायचं. "आता फाटा." फाटा यायचा. घरात बसून माउसने काढलेली एकेक रेघ रस्ता होऊन समोर येत होती आणि दर वेळी ती श्वास रोखून धरत होती.

मग ती म्हणाली, "थांबा. इथी एक टोला आहे. मी काढला आहे. सात-आठ घरं."

मी थांबले. समोर कापलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती. घर एकही नाही. बांधाच्या कडेला एक बाई गवताचा भारा बांधत होती. रझियाने काच खाली केली. "बाई, इथी घरं कुठी आहेत?"

"घरं? इथी काऊन असतीन घरं?"

रझियाने फोन पुढे धरला. त्या बाईने बराच वेळ चित्र पाहिलं, मग बांध्यांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "माय वो! हे पुंजणे होत. धानाचे पुंजणे. मळणीच्या आधी रचून ठेवतो ना आम्ही."

कापणीनंतर रचलेले धानाचे ढीग आकाशातून गवताच्या छपरांसारखे दिसले होते. रझिया कपाळाला हात लावून हसली आणि तिथल्या तिथे तिने ती घरं पुसण्यासाठी खुणा करून ठेवल्या. गाडी पुढे निघाल्यावर मात्र तिने नाव नसलेल्या छपरांचा फोटो पुन्हा उघडला. जरा वेळाने म्हणाली, "ताई, तेबी पुंजणेच असले तर?"

तिला काय वाटतंय ते मला समजलं. नाव विचारायला इतक्या लांब आलो आणि तिथे कुणी राहतच नसलं तर! मी म्हटलं, "तर दोघी बसून अम्मींच्या रोट्या खाऊ." त्यावर ती हसली नाही.

सुनंदाताई भेटल्या आणि ही भीती गेली. त्या रस्त्यावरच्या मोठ्या गावातल्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे घरोघरी जाऊन बाळंतिणींची, लेकरांची तब्येत पाहणाऱ्या. आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर बसल्या होत्या. रझियाने फोटो दाखवताच म्हणाल्या, "हो, आहे ना! नाल्याच्या तिकडे. माझ्याच हद्दीत येते. मी आता तिकडेच चालली."

"मग त्याचं नाव काय?" आम्ही दोघींनी एकदमच विचारलं.

"आम्ही आंबेटोला म्हणतो. पण तिथी जाऊन म्हणसान तर मैनाबाई भांडन." त्या हसल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "ॲम्ब्युलन्सवाल्याले तर तेही सांगून काही होत नाही. त्याच्या मोबाइलात गावच नाई. बाई अडली की कोणीतरी फाट्यावर जाऊन उभं राहावं लागते. पावसाळ्यात तर मी सोता छत्री घेऊन उभी होती."

गाडी नाल्यापर्यंतच गेली. रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, मागच्या पुरात खचला होता. पाणी गुडघ्याच्या खाली, पण तळाशी गोटे आणि शेवाळ. पलीकडे अर्धा तास चालायची वाट. सुनंदाताई म्हणाल्या, "तुम्ही इथी बसा, रझियाबाई. या ताई आन् मी जाऊन नाव विचारून येतो."

रझियाने नाल्याकडे पाहिलं. ती काठावरच्या दगडावर बसली आणि कॅलिपरचे पट्टे सोडू लागली. "याले पाणी लागलं तर गंज चढते," असं म्हणत तो लोखंडी सांगाडा, बुटासकट, तिने माझ्या हातात दिला. "धरा."

एका हाताखाली कुबडी, दुसरा हात सुनंदाताईंच्या खांद्यावर, अशी ती पाण्यात उतरली. मी मागे, तिचा कॅलिपर खांद्यावर घेऊन. मधोमध कुबडी गोट्यावरून सटकली आणि ती कमरेपर्यंत वाकली. मी पुढे झेपावले, पण सुनंदाताईंनी तिला पक्कं धरलं होतं. तिघीही तशाच उभ्या राहिलो. पाणी पायांवरून वाहत होतं. रझियाच्या ओठांवर घाम होता. मला वाटलं, आता परत जाऊ म्हणेल. ती म्हणाली, "गोटे नकाशावर दिसत नाईत ना," आणि पुढे पाय टाकला.

पलीकडे कॅलिपर चढवून ती चालू लागली. मी फोनवर वाट नोंदवायचं सुरू केलं. हे साधन सोपं आहे. आपण चालत राहायचं, फोन दर काही पावलांना आपली जागा टिपतो आणि मागे एक रेघ तयार होत जाते. रझियाने उपग्रहावरून काढलेली वाट आणि आमच्या पायांची रेघ जवळजवळ एकावर एक पडत होत्या. मी तिला दाखवलं. तिने पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा खाली जमिनीकडे पाहत चालू लागली. सागाची वाळलेली पानं कुबडीखाली पापडासारखी मोडत होती. आम्ही खूपदा थांबलो.

छपरं दिसली तेव्हा आधी कोंबडा ओरडला, मग कुत्रं भुंकलं, मग धुराचा वास आला. रझिया थांबली. "पुंजणे नाईत," ती म्हणाली.

कुंपणाशी सोमजीभाऊ भेटले, टोल्याचे पोलीस पाटील. "जोहार," म्हणून त्यांनी आम्हाला गोटुलात नेलं. गोटूल म्हणजे गावाची बसण्याउठण्याची सामाईक जागा. बाज टाकली, तांब्याभर पाणी आलं. हळूहळू बाया आल्या, माणसं आली. सुनंदाताईंनी आमच्याबद्दल गोंडीत सांगितलं. मला त्यातलं फक्त 'नकाशा' आणि 'ब्रह्मपुरी' समजलं.

रझियाने फोन काढला आणि टोला वरून कसा दिसतो ते दाखवलं. एकच गर्दी झाली. हे माझं छप्पर, ही तुझी परसातली सांदवाडी, ही विहीर. एका म्हाताऱ्याने विचारलं, "माझे बैल कुठी आहेत?" चित्र जुनं आहे हे सांगितल्यावर तो म्हणाला, "तवा बैल घेतलेच नव्हते. बरोबर आहे."

मग नावाचा प्रश्न निघाला, आणि मैनाबाई खरंच भांडल्या. त्या वयाने सगळ्यांत मोठ्या, कोपऱ्यात मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, फोडत बसल्या होत्या. "मरकाटोला," त्या ठासून म्हणाल्या. गोंडीत मरका म्हणजे आंबा. कुणा बाबूने कागदावर उतरवताना आंबेटोला केलं आणि तेच रेशनकार्डावर, आधारकार्डावर चढलं. तरणी मंडळी म्हणत होती, कागदावर आहे तेच ठेवा, नाहीतर घोळ होईल. मैनाबाई म्हणत होत्या, मग आमच्या तोंडात आहे त्याचं काय?

"दोन्ही टाकता येते," रझिया म्हणाली. "एक वर, एक त्याच्या खाली. दोन्ही नावाने शोधलं तरी हेच गाव सापडन."

हे सगळ्यांना पटलं. मला वाटलं, झालं काम. मी रोट्यांचा डबा उघडायच्या बेतात होते, तेवढ्यात मैनाबाईंनी बोट स्क्रीनवर ठेवलं. "हे काय काढलं?"

टोल्यामागून झाडीत जाणारी ती बारीक पायवाट होती. तिच्या टोकाला एक मोकळी जागा. रझियाने दोन्ही काढून ठेवल्या होत्या.

"वाट आहे ना, बाई?"

मैनाबाईंनी सोमजीभाऊंकडे पाहिलं. सोमजीभाऊंनी खाली पाहत सांगितलं, "तिथी आमचा देव आहे. तिथी परका माणूस जात नाई. आमच्यातबी सगळे नाई जात."

रझियाचा चेहरा उतरला. "मले माहीत नव्हतं."

"तुले कसं माहीत राहीन," मैनाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पण आता हे कोणकोण पाहते?"

या प्रश्नाला गोड उत्तर देता आलं असतं. रझियाने ते दिलं नाही. "कोणीबी पाहू शकते. नाव टाकलं की ॲम्ब्युलन्सवाल्याले दिसन, तसंच फिराले येणाऱ्यालेबी दिसन, जंगलखात्यालेबी दिसन. मी खोटं नाई सांगत. तुम्ही नको म्हणसान तर मी काहीच नाई टाकत. आलो तशा वापस जाऊ."

मी तिच्याकडे पाहत राहिले. ज्या नावासाठी ती नाल्यात उतरली होती ते सोडून द्यायची तिची खरोखर तयारी होती.

त्यांनी आम्हाला बाहेर आवळ्याखाली बसवलं आणि आत बोलणं सुरू झालं. कुणी शेतावर होतं त्याला बोलावणं गेलं. आम्हाला आंबील दिली, थंडगार, किंचित आंबट. आतून आवाज चढत होते, उतरत होते. सुनंदाताई मधूनमधून बाहेर येऊन सांगायच्या, "एक जण म्हणते, दिसलो तर रस्ता तरी होईन. एक जण म्हणते, दिसलो तर उठवतीनबी." दोघांचंही मला खरं वाटत होतं. रझिया पानांचे तुकडे करत बसली होती. उन्हं कलायला लागली तेव्हा आम्हाला आत बोलावलं.

सोमजीभाऊंनी निर्णय सांगितला. दोन्ही नावं टाका. शाळा, हातपंप, गोटूल टाका. नाल्याचा खचलेला रपटा टाका, म्हणजे गाडीवाल्याला आधीच कळेल. देवाची वाट काढून टाका.

रझियाने सगळ्यांसमोर ती रेघ आणि ती मोकळी जागा पुसली. मग म्हणाली, "आणखी एक सांगते. मी पुसलं तरी जुनी नोंद आत कुठीतरी राहते. शोधणाऱ्याले सापडू शकते. आन् वरून जो फोटो आहे त्यात ती जागा दिसतेच. तो माझ्या हातात नाई."

मैनाबाईंनी टोऱ्यांची टरफलं सुपात गोळा केली. "वरून दिसते तर दिसो. पाऊसबी वरूनच पाहते. तू नाव नको सांगू, म्हणजे झालं."

परत येताना नाल्यापर्यंत सोमजीभाऊ आणि दोघं तिघं आले आणि त्यांनी रझियाला बाजेवर बसवून पाणी पार करून दिलं. ती आधी नको नको म्हणाली, मग मधोमध गेल्यावर मला हाक मारून म्हणाली, "ताई, फोटो काढा ना!" तो फोटो छान आला आहे. तिने अम्मींना दाखवायला मागून घेतला. इथे टाकायची परवानगी दिलेली नाही.

गडचिरोलीला रेंज मिळाल्यावर खोलीत बसून तिने सगळ्या नोंदी चढवल्या. सर्वजण वापरतात त्या दुसऱ्या नकाशालाही गावाचं नाव आणि जागा पाठवली. तिथे ते तपासून मग दाखवतात, त्यामुळे वाट पाहावी लागते. शेवटचं बटण दाबायच्या आधी तिने मला नाव मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. तिने एक अक्षरसुद्धा चुकलं नाही ना, हे पुन्हा पाहिलं आणि दाबलं.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असाल तर धानोऱ्याचा रस्ता जरूर करा. डिसेंबर-जानेवारी उत्तम. वाटेत जे दिसेल त्याची खूण नकाशावर टाकावीशी वाटली, तर आधी तिथल्या माणसाला विचारा, आणि तो विचार करायला वेळ मागेल तर तो द्या. एक झाड, एक बाज आणि थोडी आंबील मिळाली तर वाट पाहणं अजिबात जड जात नाही.

नाशिकला परतल्यावर शाळा सुरू झाली. नकाशा शिकवताना माझी जुनी सवय अशी, की फळ्यावर काढायचं आणि सांगायचं, ही नदी, हा डोंगर, लिहून घ्या. यंदा मी मुलांना विचारलं, तुमच्या गल्लीत काय आहे जे नकाशावर यायला हवं, आणि काय येऊ नये? पहिल्या प्रश्नाला भराभर हात वर झाले. दुसऱ्याला आधी एकच हात वर आला आणि मग तास संपला तरी बोलणं थांबेना.

गेल्या आठवड्यात रझियाचा फोन आला. हसण्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. सोमजीभाऊंचा तिला फोन आला होता, तक्रार करायला. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे येणार होते, पार कोरचीकडून. टोल्यावर येणारा पाहुणा दर वेळी चुकतो, दोन गावं फिरून दुपारनंतर पोचतो, हे धरूनच सगळी तयारी केलेली. पाहुण्यांनी मोबाइलात मरकाटोला टाकलं आणि सकाळीच कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! चूल पेटवली नव्हती. पोरगी नाल्यावर कपडे धूत होती. तिनंच त्यायले पाणी ओलांडून आणलं, कोण आहेत ते माहीत नसताना. सोमजीभाऊ मले म्हणतात, पोरी, नाव टाकलं ते बरं केलं, पण आता आम्हाले लवकर उठा लागते."

"आणि लग्न?"

"जमलं ना! पाहुणे म्हणाले, आम्हाले पोरगी घरी नाई, कामावर पाहाले भेटली." मग तिचा आवाज जरा बदलला. "ताई, मले बोलावलं आहे लग्नाले. रफिकची जीप घेऊन जातो. तुम्ही काही वाट दाखवाले येऊ नका, लग्नाले या."